‘आस्क’ की ‘आक्स’ : रोजच्या एका इंग्रजी क्रियापदाची पार्श्वभूमी

१४९० साली विल्यम कॅक्स्टनने छापलेल्या एका अनुवादाच्या प्रस्तावनेत अंड्यांची गोष्ट आहे. थेम्समधून नेदरलँड्समधल्या झीलंडकडे निघालेलं एक जहाज वारा पडल्यामुळे अडकून पडतं. काही व्यापारी किनाऱ्यावर उतरतात आणि त्यांतला एक जण एका घरात जाऊन खायला मागतो, विशेषतः ‘एग्ज’. घरची बाई म्हणते, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडतो, कारण फ्रेंच त्यालाही येत नसतं, त्याला फक्त अंडी हवी असतात. शेवटी दुसरा कोणी तरी ‘आयरेन’ हवीत असं सांगतो आणि मग बाईला उमगतं. उत्तरेकडचा शब्द ‘एग्ज’ आणि दक्षिणेकडचा ‘आयरेन’ अशी ही टक्कर होती.

इंग्रजीचा इतिहास शिकवताना ही गोष्ट हमखास सांगितली जाते, पण सगळ्यांची नजर अंड्यांवर खिळते. त्या वाक्यातल्या क्रियापदाकडे कोणी बघत नाही. व्यापाऱ्याने ‘मागितलं’ हे लिहायला कॅक्स्टनने जो शब्द वापरला तो ‘आस्क्ड’ नाही, ‘आक्स्ड’ आहे. चुकून एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा. इंग्लंडमध्ये छपाई आणणाऱ्या माणसाला हे रूप गावंढळ वाटलं नाही, आणि त्याची पुस्तकं विकत घेणाऱ्या पैसेवाल्या लोकांनाही वाटलं नाही.

आज हेच रूप तोंडातून निघालं तर समोरचा माणूस बोलणाऱ्याचं शिक्षण, वर्ग आणि अमेरिकेत तर वर्णसुद्धा ठरवून मोकळा होतो. मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. दरवर्षी वर्गात एक-दोन मुलं ‘डेस्क’ला ‘डेक्स’ आणि ‘आस्क’ला ‘आक्स’ म्हणतात. पहिली काही वर्षं मी ते निव्वळ चूक म्हणून दुरुस्त करत असे. या शब्दाचा मागचा प्रवास कळल्यावर माझी दुरुस्त करायची पद्धत बदलली. परीक्षेसाठी ‘आस्क’ म्हणायचं हे आजही सांगते, पण ‘हा उच्चार अडाणी आहे’ असं म्हणणं मी सोडलं.

शब्दाचं मूळ थोडक्यात सांगते. जुन्या इंग्रजीत ‘आस्कियन’ असं क्रियापद होतं. जर्मनमधलं ‘हाइशेन’, डचमधलं ‘आइसेन’ आणि रशियनमधलं ‘इस्कात्’, म्हणजे शोधणे, हे त्याचे भाऊबंद. आणि आपल्याकडचा त्याचा सख्खा नातेवाईक म्हणजे संस्कृतमधला ‘इष्’ धातू, ‘इच्छति’. मराठीतली ‘इच्छा’ आणि इंग्रजीतलं ‘आस्क’ एकाच घरातले आहेत. ‘इच्छति’मधला ‘च्छ’ आणि ‘आस्क’मधला ‘स्क’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे दोन अवतार आहेत. ‘पृच्छति’मधला ‘च्छ’सुद्धा त्याच प्रत्ययाचा.

‘पृच्छा’ची बहीणही इंग्रजीत होती. ‘फ्रिग्नन’ असं ते क्रियापद, अर्थ विचारणे. जर्मनमध्ये तिचं भावंड ‘फ्रागेन’ आजही रोज वापरात आहे. इंग्रजीत मात्र ते मागे पडत गेलं आणि उत्तरेकडच्या बोलींत काही काळ तग धरून नंतर विझलं. म्हणजे इंग्रजीने ‘पृच्छा’ गमावली आणि ‘इच्छा’वरच दोन्ही कामं भागवली. मराठीत आपण ‘विचारणे’ आणि ‘मागणे’ वेगळे ठेवतो. जुना ‘पुसणे’ हा ‘पृच्छति’चाच वंशज, तो ‘विचारपूस’मध्ये आणि ‘त्याला कोणी पुसत नाही’ यात टिकला आहे. इंग्रजीत ‘आस्क’ म्हटलं की प्रश्न विचारलाय की काही मागितलंय हे पुढचा शब्द आल्याशिवाय कळत नाही. विचारण्यात मागणं मिसळलेलं आहे ते मुळापासूनच.

बायबलमधल्या एका ओळीत या शब्दाची हजार वर्षं दिसतात. मत्तयच्या सातव्या अध्यायातली ही ओळ मराठीत ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ अशी वाचली जाते. इसवी सन १०००च्या आसपासच्या जुन्या इंग्रजी अनुवादात तिथे ‘आस्कियन’ नाहीच, ‘बिडन’ हे क्रियापद आहे, विनवणे या अर्थाचं. १३८०च्या दशकातल्या अनुवादात ‘आक्स’ आलं. १५२६च्या छापील नव्या करारात ‘आक्स’, १५३५च्या पहिल्या संपूर्ण छापील इंग्रजी बायबलमध्येही ‘आक्स’. आणि १६११ साली राजाच्या आज्ञेने तयार झालेल्या अनुवादात ‘आस्क’. १५२६ ते १६११ म्हणजे ८५ वर्षं. या ८५ वर्षांत ‘आक्स’ देवळातून बाहेर पडलं.

‘आक्स’ नंतर बिघडून तयार झालं, ही समजूत इथेच सोडायला हवी. मुळातला क्रम ‘स-क’ असाच होता, हे ‘इच्छति’ आणि ‘इस्कात्’ यांच्याशी ताडून पाहिल्यावर मान्य करावं लागतं. पण ‘क-स’ हा उलटा क्रमसुद्धा जुन्या इंग्रजीच्या हस्तलिखितांत आहे. हजार वर्षांपूर्वीच्या दक्षिण इंग्लंडमधल्या गद्यात ‘आक्सियन’ सर्रास सापडतं. शब्दातल्या दोन ध्वनींनी जागा बदलणं ही जगभरच्या भाषांची सवय आहे. इंग्रजीतला ‘बर्ड’ आधी ‘ब्रिड’ होता, ‘थर्ड’ आधी ‘थ्रिड्डा’ होता. आपल्याकडे ‘नुकसान’चं ‘नुसकान’ झालं, त्यात ‘क’ आणि ‘स’ यांचीच अदलाबदल आहे, फक्त दिशा उलटी. ‘मतलब’चं ‘मतबल’ही तसंच. ‘बर्ड’ म्हणणाऱ्याला कोणी अडाणी म्हणत नाही, कारण ती अदलाबदल प्रमाण ठरली. ‘आक्स’ ठरली नाही, एवढाच फरक.

मग ती का ठरली नाही? चौदाव्या शतकातला कवी चॉसर ‘आक्स’ लिहितो. ‘प्रेमिकांनो, मी आता तुम्हाला हा प्रश्न विचारतो’ अशी त्याची प्रसिद्ध ओळ आहे, तिथे क्रियापद ‘आक्स’ आहे. इतरत्र तो ‘आस्क’ही लिहितो. त्याला दोन्ही रूपं चालत होती. साधारण १६००पर्यंत पुस्तकी इंग्रजीत ‘आक्स’ हेच नेहमीचं रूप होतं. ‘आस्क’ मुळात उत्तरेकडचं. पुढे लंडनची भाषा प्रमाण म्हणून घडत गेली तेव्हा तिच्यात उत्तर आणि मध्य इंग्लंडमधून आलेल्या माणसांची रूपं मिसळली, आणि त्यात ‘आस्क’ने बाजी मारली. कॅक्स्टनच्या गोष्टीतल्या दक्षिणेच्या ‘आयरेन’ला पुढे उत्तरेच्या ‘एग्ज’ने हरवलं. पुढच्या शतकाभरात त्याच वाक्यातलं दक्षिणेचं ‘आक्स’ही उत्तरेच्या ‘आस्क’पुढे हरलं. यात शुद्ध-अशुद्धतेचा निवाडा कुणी केलेला नाही. माणसं कुठून कुठे गेली आणि कागदपत्रं कुठे लिहिली जात होती, यावर हे ठरलं.

एकदा पुस्तकातून बाहेर पडल्यावर मात्र निवाडा करणारे आले. १९व्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत ‘आक्स’ नोकरांच्या, गाडीवानांच्या, शेतमजुरांच्या तोंडी टाकलेलं दिसतं. ज्या रूपात देवाचं वचन छापलं गेलं होतं तेच आता पात्राची पायरी दाखवायला वापरलं जाऊ लागलं. मराठीत ‘पानी’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल शहरी कान काय ठरवतात ते आठवलं की यातला अन्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तोवर हे रूप समुद्रापार गेलं होतं. १७व्या शतकात दक्षिण आणि पश्चिम इंग्लंडमधून अमेरिकेत, कॅरिबियन बेटांवर गेलेल्या वसाहतवाल्यांनी आणि कराराने राबणाऱ्या गोऱ्या मजुरांनी ते सोबत नेलं. न्यू इंग्लंडच्या खेड्यांत गोरे शेतकरी ते बोलत. अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ भागात गोऱ्यांच्या तोंडी ते पुढेही टिकलं. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कानावर इंग्रजी पडली ती याच लोकांची. ते ‘आक्स’ शिकले, कारण त्यांच्यासमोर ‘आक्स’च बोललं जात होतं. जमैकात ‘आक्स’ आजही साधा, रोजचा शब्द आहे.

२०व्या शतकात, साधारण १९१० ते १९७० या काळात, सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. तिथल्या गोऱ्यांच्या बोलण्यातून ‘आक्स’ तोवर जवळपास गेलं होतं. त्यामुळे शिकागोत किंवा डेट्रॉइटमध्ये हा उच्चार ऐकणाऱ्याला तो कृष्णवर्णीयांचा वाटू लागला. सॅक्सन शेतकऱ्यांचा शब्द वर्णाची खूण बनला तो असा.

१९७९ साली मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या ११ कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने चाललेल्या खटल्यात केंद्रीय न्यायालयाने निकाल दिला की वाचायला शिकवताना शाळेने मुलांची घरची बोली लक्षात घेतली पाहिजे आणि शिक्षकांनी ती समजून घेतली पाहिजे. हा निकाल फार गाजला नाही. गाजला तो १७ वर्षांनंतर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शालेय मंडळाचा ठराव, आणि त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण तेव्हाचा गोंधळ अजून पूर्ण निवळलेला नाही.

१८ डिसेंबर १९९६ रोजी मंडळाने ठराव केला. त्या जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी कृष्णवर्णीय होते आणि त्यांचे गुण चिंताजनक होते. ठराव म्हणाला की या मुलांची घरची भाषा ‘इबॉनिक्स’ ही स्वतंत्र व्यवस्था आहे आणि तिच्या आधाराने त्यांना प्रमाण इंग्रजी शिकवावं. ‘इबॉनिक्स’ हा शब्द १९७३ साली एका परिषदेत घडवला गेला होता, ‘एबनी’ म्हणजे काळा आणि ‘फोनिक्स’ म्हणजे ध्वनी, हे दोन शब्द जोडून. हेतू साधा होता: मुलाला जे येतं तिथून सुरुवात करून जे यायला हवं तिथे न्यायचं. मराठी शाळेत इंग्रजी शिकवणारा प्रत्येक शिक्षक रोज हेच करतो.

घात केला तो ठरावातल्या एका शब्दप्रयोगाने. या मुलांच्या भाषाव्यवस्था ‘जेनेटिकली बेस्ड’ आहेत असं त्यात लिहिलं होतं. भाषाशास्त्रात ‘जेनेटिक’ म्हणजे एका मूळ भाषेतून निघालेल्या भाषांचं नातं, ‘इच्छा’ आणि ‘आस्क’ यांचं आहे तसं. वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी तो रक्ताशी, वंशाशी जोडला. काळ्या मुलांच्या जनुकातच वेगळी भाषा आहे असं मंडळाचं म्हणणं आहे, अशी ओरड झाली. मुलांना गल्लीतली इंग्रजी शिकवणार, असंही पसरलं. ठराव असं काही म्हणत नव्हता, पण ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. काही नामवंत कृष्णवर्णीय नेत्यांनीही सुरुवातीला विरोध केला. आठवडाभरात केंद्रीय शिक्षण खात्याने जाहीर केलं की द्विभाषिक शिक्षणाचा निधी यासाठी मिळणार नाही. जानेवारी १९९७च्या पहिल्या आठवड्यात भाषाशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने ठराव करून सांगितलं की ही बोली नियमबद्ध आहे आणि तिला आळशी किंवा सदोष म्हणणं चुकीचं आहे. त्याच महिन्याच्या मध्यावर मंडळाने वादग्रस्त शब्द काढून ठराव बदलला. तोवर टीव्हीवर विनोदांचा पाऊस पडून गेला होता.

त्या विनोदांत ‘आक्स’ पुन्हापुन्हा यायचं, नाक मुरडायला सर्वांत सोपा नमुना म्हणून. दुसऱ्या बाजूला काही जण या बोलीची मुळं पूर्णपणे आफ्रिकेतच आहेत असं मांडत होते. त्या बोलीत आफ्रिकी भाषांचा वारसा किती हा खरा, अभ्यासाचा प्रश्न आहे. पण ‘आक्स’ त्यात बसत नाही. हा शब्द थेट वेसेक्सचा, म्हणजे जुन्या दक्षिण इंग्लंडमधल्या सॅक्सन राज्याचा. ओकलंडच्या वर्गात मुलगी ‘मे आय आक्स यू अ क्वेश्चन’ म्हणत होती तेव्हा ती चॉसरचंच क्रियापद वापरत होती, आणि तिला टोकणाऱ्या बाईंना ते शिक्षक प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

उच्चारावरून माणसाला दार बंद होतं हे नुसतं वाटणं नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच माणसाने तीन बोलींत घरमालकांना फोन करून भाड्याच्या घराची विचारणा केली. गोऱ्या वस्तीच्या भागांत प्रमाण इंग्रजीला भेटीची वेळ सहज मिळाली, उरलेल्या दोन बोलींना बरीच कमी. ऐकणाऱ्यांना नुसत्या ‘हॅलो’वरून बोली ओळखता येत होती. तिथे ‘आक्स’पर्यंत बोलणं पोचायचीही गरज पडली नाही. लंडनमध्ये आज वेगवेगळ्या वंशांची तरुण मुलं एकत्र वाढताना जी नवी इंग्रजी बोलतात तिच्यातही ‘आक्स’ आहे, जमैकामार्गे परत आलेलं. कॅक्स्टनचा छापखाना वेस्टमिन्स्टरला होता, तिथून काही मैलांवर.

शाळेत शिकवलं जातं त्या ‘आस्क’चीही स्थिती फार ठाम नाही. भूतकाळी रूपात ‘स-क-ट’ अशी तीन व्यंजनं एका दमात येतात. ती मूळ इंग्रजी भाषकांनाही जड जातात. भरभर बोलताना त्यांच्यातले कित्येक ‘क’ गाळून नुसतं ‘आस्ट’ म्हणतात. त्याबद्दल कुणी त्यांचे गुण कापत नाही.

अलीकडचा दुसरा वाद ‘आस्क’ नाम म्हणून वापरण्याचा आहे. ‘व्हॉट इज द आस्क’ हे कार्यालयीन बोलणं अनेकांना टोचतं, नव्या व्यवस्थापनवाल्यांनी भाषा बिघडवली असं ते म्हणतात. ‘बिग आस्क’, म्हणजे फार मोठी अपेक्षा, हे १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्रीडाविषयक लिखाणातून पसरलं. पण नाम म्हणून ‘आस्क’ १८व्या शतकातल्या पत्रव्यवहारातही सापडतं, आणि जुन्या इंग्रजीत ‘आस्कुंग’ असं नाम होतंच. मला स्वतःला ते बैठकीतलं ‘आस्क’ कानाला गोड लागत नाही, पण बेकायदा म्हणता येत नाही.

‘मागणे’ हा अर्थ तर आपण मराठीत बोलतानाही वापरतो, कळत-नकळत. क्रिकेटमध्ये ‘आस्किंग रेट’ चढला म्हणतो तेव्हा कुणी प्रश्न विचारत नसतं, धावफलक धावा मागत असतो. शेअर बाजाराच्या पडद्यावर दोन रकाने शेजारी असतात: ‘बिड’ म्हणजे घेणारा देऊ करतो ती किंमत, ‘आस्क’ म्हणजे विकणारा मागतो ती. या ‘बिड’मध्ये जुन्या इंग्रजीतली दोन क्रियापदं मिसळलेली आहेत. एक देऊ करण्याचं, आणि दुसरं ‘बिडन’, मत्तयच्या त्या ओळीत ‘आक्स’च्या आधी होतं ते.