वीर कोणाला म्हणायचे? वीरगळापासून अशोकचक्रापर्यंत

गावाच्या वेशीजवळ, पडक्या शिवालयाच्या आवारात, कधी पाराला टेकवून ठेवलेला एक उभा दगड दिसतो. एकावर एक तीन-चार चौकटी, त्यांत ढाल-तलवार घेतलेली माणसे, एखादा घोडा, वर शिवलिंग. शेंदूर फासलेला असेल तर गाव त्याला देव मानते, नसेल तर कुणी त्यावर धुणेही आपटते. हा वीरगळ. आज कोणालाही ‘हिरो’ म्हणून टाकायची सवय लागलेली असताना, वीर नेमके कोणाला म्हणायचे याचा विचार दख्खनच्या माणसाने कधीपासून आणि कसा केला, हे पाहायचे तर सुरुवात या दगडापासून करावी लागते.

शब्द मूळचा कानडी. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो ‘वीरगल्लु’, मराठीत वीरगळ. महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळातले मानले जातात. वाचायचा तो खालून वर. सर्वांत खाली पडलेला वीर किंवा त्याच्या मरणाचे निमित्त, त्यावर लढाई, त्यावर त्याला हाताला धरून नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आता कैलासात पोचलेला. माथ्यावर बहुधा सूर्य-चंद्र असतात. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

पण दगड कोणासाठी उभारत? राजासाठी क्वचितच. खालची चौकट नीट पाहिली तर पुष्कळदा तिथे गाई-गुरे कोरलेली सापडतात. शेजारच्या टोळीने गावाची गुरे वळवून नेली, कोणीतरी आडवा गेला आणि त्यात मेला. गुरे म्हणजेच संपत्ती असलेल्या काळात ही गावाची सर्वांत मोठी लढाई होती. महाभारताच्या विराटपर्वातला गोग्रहणाचा प्रसंग याच जगातला. त्यात अंतःपुरात बढाया मारणारा राजपुत्र उत्तर कौरवसेना पाहताच रथातून उडी टाकून पळतो. वीरगळावरचा माणूस पळाला नव्हता, इतकेच त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येते. त्याचे नाव सांगता येत नाही. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख आहेत. आपल्याकडचे बहुतेक मुके आहेत.

मुके असले तरी काही फार बोलतात. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे असलेल्या वीरगळांवर चक्क आरमारी लढाई आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे, त्यांवरचे सैनिक आणि वर नेहमीप्रमाणे कैलास. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हा-माहितीग्रंथात, या दगडांचे चौकटीगणिक वर्णन आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या समुद्रयुद्धाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. काही जण ते त्याआधीचे मानतात. लढाई कोणतीही असो, मेलेल्यांची नावे दगडावर नाहीत.

याच्या उलट उदाहरण कर्नाटकातल्या आतकूरचे. इ.स. ९५०च्या सुमाराचा हा शिलालेख राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि गंग राजा बूतुग यांच्या काळातला, चोळांविरुद्धच्या तक्कोलमच्या युद्धानंतरचा. बूतुगाच्या एका शूर सरदाराने बक्षीस म्हणून राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे एका रानडुकराशी झुंजताना कुत्रा आणि डुक्कर दोघेही मेले. सरदाराने कुत्र्यासाठी दगड उभारला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. आपल्या हजारो वीरांची नावे गेली, काळी मात्र नावानिशी शिल्लक आहे. यावर हसायचे की गप्प बसायचे, मला अजून ठरवता आलेले नाही.

वीरगळाची अट एकच होती, मरण. जिंकून घरी परतलेल्याला दगड नव्हता. ‘हिरो’ हा शब्द ज्या ग्रीकांकडून इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला, त्यांच्याकडेही धर्माचारात ‘हेरोस’ म्हणजे थडग्यापाशी ज्याला नैवेद्य दाखवायचा असा मेलेला पराक्रमी पुरुषच असे. जिवंतपणी हिरो होणे ही फार अलीकडची सोय.

शास्त्रकार मात्र मरणाला चिकटून बसले नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली कायमची भावना, ‘उत्साह’ सांगितली आहे. राग नव्हे, सूडही नव्हे. राग हा रौद्राचा स्थायीभाव. आपल्या आजच्या हाणामारीच्या चित्रपटांतले निम्मे ‘वीर’ या कसोटीवर रौद्राच्या खात्यात जातील. वीराचे प्रकारही तिथेच आहेत : दानवीर, धर्मवीर, युद्धवीर. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पणात दयावीर धरून चार केले. दयावीराचे ठरलेले उदाहरण जीमूतवाहन. गरुडाच्या तोंडी जाणाऱ्या नागाच्या जागी तो स्वतः जाऊन बसतो. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने, असेच मोजायचे तर सत्यवीर, क्षमावीर, पांडित्यवीरही का नकोत, असा मुद्दा काढला. म्हणजे ‘शौर्याचे प्रकार किती’ हा वाद नवा नाही आणि त्यात तलवार हे चारांतले एकच खाते होते.

लोकांच्या तोंडी मात्र तेच खाते मोठे राहिले. शिवकाळात दगडाची जागा पोवाड्याने घेतली. अज्ञानदासाने अफझलखान वधाचा पोवाडा रचला, तुळशीदासाने तानाजीचा. दगडावर नसलेले नाव शाहिराने डफावर आणले, हा मोठाच बदल. तरी कोणाची नावे आली? १६६०मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडताना महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद आणि खिंड अडवणारे बाजीप्रभू एकाच रात्रीचे. बाजीप्रभूंची खिंड पोरासोरांना पाठ आहे. शिवाचे नाव घराघरांत पोचायला फार वेळ लागला. त्याने त्या रात्री कोणावर वार केला नव्हता, पकडले जायचे ठरवून तो निघाला होता. रायगडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेली हिरकणी ही तर दंतकथाच. पण तिच्या नावाचा बुरूज दाखवताना लोकांना तिथे ना लढाई होती ना शत्रू, याने काही अडत नाही.

साध्या शिपायाचे नाव दगडावर कोरण्याची चाल इंग्रजी अमलात रुजली. १ जानेवारी १८१८च्या कोरेगाव भीमाच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर ईस्ट इंडिया कंपनीच्या मृत सैनिकांची नावे आहेत आणि त्यांत ‘नाक’ प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे ओळखू येतात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. इंग्रजांनी आपल्या विजयासाठी लावलेला दगड, वाचणाऱ्यांनी आपल्या पूर्वजांच्या नावांसाठी वाचला.

पदकांचा मार्गही तसाच. १८५६मध्ये सुरू झालेला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, हिंदी शिपायांना १९११पर्यंत मिळूच शकत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना तो मिळाला : नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि शिपाई नामदेव जाधव यांना हयातीत. जाधवांची हकिगत वाचताना विश्वनाथाचे वर्गीकरण कोलमडते. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीचा काठ. आधी त्यांनी गोळीबारात आणि सुरुंगांतून दोन जखमींना एकेक करून पलीकडे पोचवले आणि मग परत येऊन शत्रूची मशीनगनची ठाणी गप्प केली. दयावीर आणि युद्धवीर एकाच दिवशी, एकाच अंगात.

स्वतंत्र भारताने परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी, पण १५ ऑगस्ट १९४७पासून लागू धरून, सुरू केले. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. त्या जन्माने युरोपीय, स्वित्झर्लंडमधल्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या आणि पुराणांत बुडाल्या. पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र चार वेळा घडवले. वज्र कशाचे? दधीची ऋषींच्या हाडांचे, जी त्यांनी देवांनी मागितली म्हणून देह ठेवून दिली. रणांगणावरच्या सर्वोच्च पदकावर असा एक दानवीर बसला आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. पहिल्या मानकऱ्यांपैकी रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्यातल्या अभियंता दलाचे, कारवारकडचे. एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सलग काही दिवस सुरुंग काढणे, अडथळे उडवणे, वळणरस्ते करणे हे त्यांचे काम. एका ठिकाणी रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत त्यांनी तो सुरुंगांतून पुढे नेला. मारण्यापेक्षा वाट करून देण्याचे हे परमवीरचक्र.

शत्रूसमोर नसलेल्या शौर्यासाठी १९५२मध्ये अशोकचक्र आले आणि ते नागरिकांनाही खुले राहिले. बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी १९६१पासून जीवन रक्षा पदके आहेत. मुलांच्या शौर्य पुरस्कारांची गोष्ट तर दिल्लीच्या रामलीला मैदानावरची. २ ऑक्टोबर १९५७ला शामियान्याला आग लागली, मंचावर पंतप्रधान नेहरू होते, आणि चौदा वर्षांच्या एका स्काउटने चाकूने कापड फाडून लोकांना वाट करून दिली. युद्धवीराच्या पलीकडची खाती सरकारी दप्तरात यायला अशी शंभर वर्षे गेली.

तरीही सगळे दप्तरात मावत नाही. १८९७च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले मुलगा यशवंतच्या दवाखान्यापर्यंत गेल्या, स्वतः प्लेगने आजारल्या आणि १० मार्चला गेल्या. त्यासाठी तेव्हा कोणतेही पदक नव्हते, आणि असते तरी ते त्यांना कोणी दिले असते असे वाटत नाही.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी समोरच्या एके-४७ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, ती सोडली नाही. मागच्यांना तेवढा वेळ मिळाला आणि कसाब जिवंत सापडला. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, आधी सैन्यात नोकरी केलेले ओंबळे. २६ जानेवारी २००९ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. २०२१मध्ये ठाणे भागात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला संशोधकांनी ‘तुकारामी’ हे नाव दिले. एकसरच्या जहाजांवरच्या माणसांना या शहरात दगड मिळाला, नाव मिळाले नाही. त्याच शहराच्या किनाऱ्यावर पडलेल्या एका फौजदाराचे नाव आता एक कोळी वागवतो.