हवाशीतित टू-स्ट्रोक मोटारसायकल इंजिनाचे तापमान

इंजिन चालू असताना सिलिंडर, सिलिंडर-हेड व पिस्टन यांनी गाठलेले तापमान. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट ते ठरावीक मर्यादेत राखतो. हवाशीतित इंजिनाला अशी सोय नसते. वेग, चढ, भार व बाहेरची हवा यांप्रमाणे ते सतत बदलते. म्हणून एकच आकडा ‘योग्य तापमान’ म्हणून देणे चुकीचे ठरते.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात ज्वलन होत असल्याने पिस्टनच्या माथ्याला उसंत मिळत नाही. ही उष्णता मुख्यतः पिस्टनभोवतीच्या रिंगा व पिस्टनच्या बाजूंमधून सिलिंडरच्या भिंतीत आणि तेथून फिनांवाटे (सिलिंडरबाहेरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवाटे) हवेत जाते. क्रँककेसमधून (क्रँक ज्यात फिरतो त्या पेटीतून) येणारे पेट्रोल व हवेचे ताजे मिश्रणही पिस्टनला आतून थंड करते. निष्कास मार्गाची (जळालेला वायू बाहेर पडण्याच्या वाटेची) बाजू मात्र नेहमीच अधिक तापते व सिलिंडरचा गोलपणा किंचित बिघडतो.

टू-स्ट्रोकचे जनकत्व बहुधा ड्यूगाल्ड क्लार्क यांना दिले जाते (सुमारे १८७८–८१). परंतु त्यांच्या इंजिनाला मिश्रण भरण्यासाठी स्वतंत्र सिलिंडर होता. मोटारसायकलच्या संदर्भात क्रँककेसचाच पंप म्हणून उपयोग करणारी जोसेफ डे यांची रचना (सुमारे १८८९–९१) आणि पिस्टननेच आगम मार्ग (मिश्रण आत येण्याची वाट) उघडण्याची फ्रेडरिक कॉक यांची सुधारणा (१८९२च्या सुमारास) अधिक जवळची आहे. या घराण्यातील जुन्या इंजिनांत पिस्टनच्या माथ्यावर मिश्रण वर वळविणारा उंचवटा असे. त्याने माथा जड होई व असमान तापे. आडोल्फ श्न्यूर्ले यांनी १९२०च्या दशकाच्या मध्यास मांडलेल्या वळसा-पद्धतीने मिश्रणाला दिशा देण्याचे काम सिलिंडरमधील मार्गांकडे आले. माथा जवळजवळ सपाट करता आला. तापमानाच्या दृष्टीने ही सुधारणा फिनांच्या वाढीव आकारापेक्षा महत्त्वाची मानावी लागते.

मापनासाठी स्पार्क प्लगच्या बुडाशी वॉशरच्या जागी थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंची जोडतार) बसवतात. तेथे साधारणपणे १५०° ते २००° से. आढळते, २३०°च्या पुढे बराच काळ राहिल्यास ती धोक्याची सूचना समजावी. पिस्टनचा माथा याहून पुष्कळ गरम असतो. थर्मोकपलवर वारा लागला तरी आकडा उतरतो, त्यामुळे हे माप एकाच इंजिनाच्या दोन स्थितींची तुलना करण्यास विश्वसनीय, दोन निरनिराळ्या इंजिनांची करण्यास नव्हे. ठिणगी उशिरा पडल्यास हेड थंड भासते, पण निष्कास वायू तापतात. लवकर पडल्यास उलट घडते.

पिस्टन पकडण्याचे, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसण्याचे, कारण प्रसरणात आहे. ६० मिमी. व्यासाचा ॲल्युमिनियम पिस्टन १००° से. तापमानवाढीत सुमारे ०.१२ मिमी. फुगतो, ओतीव लोखंडी सिलिंडर त्याच्या जवळपास निम्मा. आणि दोहोंमधील फट शतांश मिमी.मध्ये मोजावी लागते. म्हणूनच थंड इंजिन सुरू होताच जोराने पळवल्यास सिलिंडर तापण्याआधी पिस्टन फुगून अडकू शकतो.

पेट्रोलमध्ये तेल वाढवल्याने इंजिन थंड राहते, असा समज दृढ आहे. वंगण सुधारते हे खरे. परंतु पेट्रोल व तेल यांचे ५०:१ ऐवजी २०:१ प्रमाण घेतले की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) पेट्रोल कमी जाते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते व ज्वलनाची उष्णता वाढू शकते. तेलाबरोबर जेटही तपासणे हाच ग्राह्य मार्ग दिसतो. लांब उतारावर थ्रॉटल मिटून गाडी गियरमध्ये वेगाने सोडल्यास पेट्रोलमिश्रित तेलही जवळजवळ थांबते व वंगण तुटते, हा धोका तापमापकावर दिसत नाही.

अनेक सिलिंडरांच्या रचनेत मधल्या सिलिंडरला वारा कमी लागतो. सुझुकीने १९७०च्या दशकाच्या आरंभी जीटी ३८० व जीटी ५५० या तीन-सिलिंडर गाड्यांच्या हेडवर हवा वळविणारे आवरण बसवले. त्याच मालिकेतील जीटी ७५० मात्र पाण्याने थंड होणारी होती. स्कॉट मोटारसायकलींनी पाण्याचा मार्ग १९०८च्या सुमारासच धरला होता.