चॅप्टर केस : शब्द कुठला, अर्थ काय

बांधावरून भाऊबंदकी पेटते. एक जण पोलीस ठाण्यात जाऊन एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवतो आणि आठवड्याभरात तहसील कचेरीची शांततेची हमी मागणारी नोटीस, म्हणजेच चॅप्टर केस, येते ती दोघांनाही. "तक्रार मी दिली, मग चॅप्टर माझ्यावरच कसा?" अमळनेर-चोपड्यापासून साक्री-तळोद्यापर्यंत गणेशोत्सवाच्या आणि ग्रामपंचायत निवडणुकीच्या तोंडावर हा प्रश्न हमखास कानावर येतो.

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं आठवं प्रकरण शांतता आणि चांगल्या वर्तणुकीसाठी तारण घेण्याचं होतं. त्या प्रकरणावरून 'चॅप्टर'. १९७३च्या संहितेतही ते आठवंच राहिलं. १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते नववं झालं, शांतताभंगाच्या संभवाचं कलम १०७ आता १२६ आणि सराईत गुन्हेगारांचं ११० आता १२९ झालं. लोकांच्या तोंडी मात्र 'एकशे सात'च आहे, म्हणून पुढेही जुनेच आकडे वापरले आहेत.

इंग्रजी अमदानीत हेच प्रकरण काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जोडीला वावरत होतं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण 'सराईत' हा शिक्का ११०मध्ये शाबूत राहिला. पारधी वस्तीतला माणूस चॅप्टरची नोटीस पाहून आजही हबकतो, त्यामागे हा इतिहास आहे.

खरं तर या कारवाईत आरोपपत्र नसतं आणि दोषसिद्धीही नसते. नोटीस मिळालेला माणूस आरोपी नसतो, सामनेवाला असतो. चूक कोणाची, हे १०७ विचारतच नाही. शांतता भंगण्याचा संभव आहे का, एवढंच पाहतं. म्हणून इस्तगासा (पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवलेला कारवाईचा प्रस्ताव) दोन्ही बाजूंवर जातो. बॉण्ड, म्हणजे ठरावीक रकमेचं लेखी हमीपत्र, १०७मध्ये जास्तीत जास्त एक वर्षाचा, ११०मध्ये तीन वर्षांचा.

खरा घोळ अंतरिम, म्हणजे चौकशी संपण्याआधीच मागितलेल्या बॉण्डचा आहे. १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ही कलमं घटनेत बसतात असं ठरवलं, पण एक मर्यादाही घातली. चौकशी प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय अंतरिम बॉण्ड मागता येत नाही. आधी माहितीची सत्यता तपासायला घ्यावी लागते. निर्णयाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांनी उचलला, दुसरा फाइलीतच राहिला. पहिल्याच तारखेला, एकही साक्षीदार न तपासता "जामीनदार आणा, सातबारा आणा" म्हटलं जातं आणि जामीनदार नसलेला शेतमजूर आत जातो. हे कायद्याच्या सरळ विरुद्ध आहे. अंतरिम आदेशाला तातडी लागते आणि तिची कारणं लेखी लागतात.

त्यात १९८०च्या दुरुस्तीने भर घातली. तोवर ११०ची प्रकरणं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालत. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेली. खान्देशात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे व्यवहारात हा अधिकार प्रांत आणि तहसीलदारांच्या हाती. सकाळी दुष्काळाची बैठक, दुपारी वाळूची गाडी, मधल्या वेळेत चॅप्टरची तारीख. अशा घाईत चौकशी नावापुरती उरते.

नोटीस हाती आली की आधी तिचा मजकूर पाहावा. मिळालेल्या माहितीचा सारांश, बॉण्डची रक्कम, मुदत, जामीनदार किती आणि कसे, हे सगळं त्या लेखी आदेशात असावं लागतं. छापील फॉर्मात फक्त नाव आणि गाव हाताने भरलेलं असेल, घटनेची तारीख नसेल, तर तिथेच हरकत घ्यावी. अंतिम बॉण्डची रक्कम किंवा मुदत त्या आदेशापेक्षा वाढवता येत नाही. वकील देता येतो, पोलिसांच्या साक्षीदारांचा उलटतपास घेता येतो. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही आणि दंडाधिकाऱ्यांनी खास कारणं लिहून मुदत वाढवली नाही, तर कारवाई आपोआप संपते.

"सही केली, सुटलो" हा समज सगळ्यात महागात पडतो. बॉण्ड असताना पुन्हा भांडण झालं आणि भंग सिद्ध झाला, तर रक्कम जप्त होते, शिवाय बॉण्डच्या उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगात जावं लागू शकतं. हद्दपारीच्या प्रस्तावातही जुने चॅप्टर मोजले जातात. म्हणून सही करताना बॉण्ड कोणत्या तारखेला संपतो ते पाहावं, आणि त्याची नक्कल मागून घरी ठेवावी.