हाताला एक किलो, तोंडाला तीन

बैलाची वेसण नाकात, घोड्याचा लगाम तोंडात. दोन्ही लहानपणापासून बघितलेलं, म्हणून त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. पण जो घोडा कडबा कडाकडा चावतो, तो तोंडातलं लोखंड का चावत नाही? कारण ते दातांखाली नसतंच. घोड्याला चाळीसच्या आसपास दात. पुढे पटाशीचे, मागे दाढा, आणि मधे तीन-चार बोटं नुसती हिरडी. लोखंड बसतं ते तिथे, जिभेवर आडवं. हिरडीची कातडी पातळ, खाली लगेच हाड. स्वतःच्या नडगीवर लाटणं दाबून बघा, म्हणजे त्या जागेची कल्पना येईल.

आपल्याकडे या सगळ्या सरंजामालाच लगाम म्हणतात. तोंडातल्या लोखंडाला घोडेस्वारीच्या क्लबात बिट म्हणतात, तोच शब्द इथे वापरतो.

साधं बिट म्हणजे स्नॅफल. दोन कड्या, मधे आडवी दांडी, आणि स्वाराच्या हातातल्या वाद्या थेट कड्यांना. हाताने एक किलोचा ओढा दिला तर तोंडाशी एक किलोच पोचतो. साध्या चालीत घोड्याची मान पावलागणिक पुढे-मागे होते आणि ते हेलकावे सरळ बोटांत येतात. विहिरीतून पोहरा ओढताना दोराला जसा जिवंतपणा असतो, तसंच काहीसं. दांडी अखंड असेल तर डावी वादी ओढल्यावर उजवी बाजूही हलते, सूचना जरा मोघम होते. मधे सांधा असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या बोलतात.

सांध्याच्या बिटावर एक जुना आरोप आहे. ते अडकित्त्यासारखं मिटतं आणि सांधा टाळूला टोचतो, असा. १९८० च्या दशकात पशुवैद्यक हिलरी क्लेटन यांनी घोड्याच्या तोंडातलं बिट चालत्या क्ष-किरण चित्रात पाहिलं. तोंडात जीभ इतकी दाटून असते की बिटाला मोकळी जागा अशी नाहीच. वादी ताणली की ते जिभेत रुततं. काही घोडे तर जीभ मागे घेऊन बिट वर ढकलतात आणि दाढांत पकडतात. म्हणजे चावत नाही म्हणालो, ते अगदीच खरं नाही.

आता कर्ब. याला दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असतात. वादी खालच्या टोकाला, आणि वरच्या टोकांना अडकवलेली साखळी हनुवटीखालून जाते. ही सरळसरळ तरफ, गावच्या हापशाच्या दांड्यासारखी. बिटापासून दांडी वर ५ सेंटीमीटर आणि खाली १० सेंटीमीटर धरा. वादीला एक किलो ओढा दिला की साखळी हनुवटीवर दोन किलोने आवळते, आणि जीभ-हिरडीवर दोन्हींची बेरीज येते, तीन किलो. शिवाय डोक्यावरचा पट्टा कानांमागे खाली ओढला जातो, तो वेगळाच.

स्वाराला यातलं काय कळतं? मला तर फसवणूकच वाटते. कर्बची वादी आधी पोकळ लागते, कारण दांडी साधारण ४५ अंश फिरेपर्यंत साखळी सैलच असते. तेवढी घोड्याला मिळालेली पूर्वसूचना. मग साखळी लागते, घोडा मान कमानीसारखी वाकवतो आणि हाताला एकदम हलका लागतो. आपण खूश, की काय हलकं तोंड आहे! तिकडे तिप्पट हिशेब चालू असतो. साखळी मुळातच घट्ट बांधली असेल तर ती पूर्वसूचनाही गेली.

डबल ब्रायडलमध्ये ही दोन्ही बिटं एकाच तोंडात. वर बारीक स्नॅफल, खाली कर्ब, प्रत्येक मुठीत दोन-दोन वाद्या. पहिल्यांदा धरताना बोटं कमी पडतात. करंगळीखालची वादी साधारणपणे स्नॅफलची, करंगळी आणि अनामिकेमधली कर्बची. मूठ किंचित वळवली की एक ताणते, दुसरी सुटते. वळवणं, मान उचलणं, रोजचं बोलणं सगळं स्नॅफलवर. कर्बने नुसती कुजबुज. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून आखीव चाली करून घेण्याच्या स्पर्धांच्या, वरच्या पातळीवर हे वापरतात ते ताकदीसाठी नव्हे, बारकाव्यासाठी. ज्याचा हात खोगिरावर तोल सावरायला वादीला लोंबकळतो, त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे रवाळ, म्हणजे स्वाराला हिसके न देणाऱ्या, चालीचं कौतुक ऐकताना माझी नजर तोंडाकडे जाते. वरातीच्या घोड्यांना काटेरी लगाम घालायची खोड आपल्या देशात जुनी आहे. भारवाहू जनावरांच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काट्यांचं बिट बेकायदा ठरवलं आहे. तिथे तरफेचं गणितही करायला नको. काट्याच्या टोकाएवढ्या जागेत सगळा जोर.

एक गोष्ट मात्र कुठल्याही बिटाला लागू. मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात टांगलेलं लोखंड पाण्यात बुडवल्याशिवाय घोड्याच्या तोंडात देऊ नये. मार्गशीर्षातल्या पहाटे तेच लोखंड बर्फासारखं गार असतं. तेव्हा ते आधी मिनिटभर तळहातांत धरावं.