ऊन म्हणजे उजेड की धग? मिथेन बनवणारे दोन कॅटॅलिस्ट
आपल्या मराठीत एक गोची आहे. ऊन पडलं म्हणजे उजेड, आणि ऊन ऊन भात म्हणजे गरम. एकाच शब्दात दोन्ही. रोजच्या बोलण्यात काही बिघडत नाही, पण ‘उन्हावर कार्बन डायऑक्साइडचा मिथेन (म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू) बनवला’ असं काही वाचलं की घोळ तिथंच होतो. कॅटॅलिस्ट म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शन भरभर घडवणारा पदार्थ. तो थेट उजेडावर चालला तर फोटोकॅटॅलिसिस, उजेडातून मिळालेल्या धगीवर चालला तर फोटोथर्मल कॅटॅलिसिस. ही दोन वेगळी कामं आहेत आणि सांगणारा दोन्हीला सौरऊर्जा म्हणून मोकळा होतो.

माझ्या डोक्यात हा फरक बसला तो आमच्या वावरातल्या सोलर पंपामुळे. मे महिना, पारा ४५ च्या वर, काकाजी पाइपाच्या तोंडाशी उभे. म्हणे, ‘एवढं ऊन तापून राह्यलं अन पानी फेब्रुवारीपेक्षा कमी, काहून बाप्पा?’ विहिरीची पातळी खाली गेली होती हे एक कारण, पण मी पॅनलला तळवा लावला आणि लगेच ओढून घेतला. पॅनल उजेडावर चालतं, धगीवर नाही. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे पॅनल ६५ ला गेलं की १२ ते १६ टक्के तिथंच गेले. हे ऐकून काकाजींनी बादली उचलली, त्यांना थांबवलं, तापल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकायची. त्याच उन्हात घरी पत्र्यावर काकूचे सांडगे मात्र दोन दिवसांत खणखणीत वाळत होते. ते धगीचं काम.

फोटोकॅटॅलिस्ट हा पॅनलचा भाऊ. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या (म्हणजे टायटॅनियासारख्या) सेमीकंडक्टरवर उजेड पडला की आत इलेक्ट्रॉन सुटतो आणि तो कार्बन डायऑक्साइडला बदलायला निघतो. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी हे पाण्यात करून दाखवलं होतं. अडचण अशी की टायटॅनियावाल्याला फक्त अतिनील किरण चालतात, ते उन्हात जेमतेम चार-पाच टक्के, आणि सुटलेला इलेक्ट्रॉनही बहुतेक वेळा काम न करताच जागेवर परत जातो. म्हणून इथं सुधारणा म्हणजे दृश्य उजेड खाणारा पदार्थ शोधणं आणि धातूचे बारीक कण लावून इलेक्ट्रॉन अडवून धरणं. तरी माल निघतो तो थेंबाथेंबाने.

फोटोथर्मलवाला सांडग्याच्या बाजूचा. त्यातली रिॲक्शन जुनीच आहे, पॉल साबातिए या फ्रेंच केमिस्टने १९०२ मध्ये निकेलवर केलेली (१९१२ चं नोबेल त्याला मिळालं): एक कार्बन डायऑक्साइड, चार हायड्रोजन, त्यातून एक मिथेन आणि दोन पाणी. एरवी भट्टी लावून ३००-४०० अंशांवर करतात, इथं काळाकुट्ट कॅटॅलिस्ट एकवटलेलं ऊन पिऊन स्वतःच तेवढा तापतो. मजा म्हणजे ही रिॲक्शन उष्णता सोडणारी आहे, पण पऱ्हाट्या पेटायला काडी लागतेच ना, तसं. आणि धग फार झाली, ५०० च्या पुढं वगैरे, तर मिथेन घटत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणजे नुसतं तापवून भागत नाही, कमी तापमानात भरभर काम करणारा कॅटॅलिस्ट पाहिजे.

खरी मेहनत इथंच आहे. निकेल स्वस्त, पण त्याचे नॅनो आकाराचे कण गरमीत भिजलेल्या साबुदाण्यासारखे चिकटून गोळा होतात, पृष्ठभाग कमी होतो आणि काम मंदावतं. रुथेनियम हा दुसरा धातू कमी तापमानात चालतो पण भाव विचारू नका. म्हणून निकेलच्या कणांना सेरियासारख्या (सेरियम धातूच्या) ऑक्साइडवर घट्ट बसवतात, सेरियात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा असतात त्या कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतात आणि शेजारचा निकेल हायड्रोजन फोडून पुरवतो.

आता मुद्दा किचकट होतो, कारण काही कॅटॅलिस्ट दोन्ही करतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ऱ्होडियम धातूच्या बारीक घनाकार कणांवर पाहिलं, तर नुसत्या गरमीत मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही निघायचे, अतिनील उजेड पाडला की जवळजवळ सगळा मिथेन. म्हणजे उजेडाचं काम धगीपेक्षा वेगळं होतं. पण असं प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. म्हणून पहिला प्रश्न हा: तेवढ्याच तापमानाला, अंधारात, किती मिथेन निघाला? तेवढाच असेल तर उजेड फक्त चूल होता.

‘तेवढंच तापमान’ मोजणंही सोपं नाही. आमच्या काळ्या मातीत मे महिन्याच्या दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही, पण चार बोटं उकरा, गारवा लागतो. कॅटॅलिस्टच्या थराचं तसंच, वरचा पापुद्रा तापलेला आणि थर्मामीटरची तार खाली बुडाशी. बुडाचा आकडा खरा धरला की वरच्या धगीचं श्रेय उजेडाला जातं, आणि काही अंशांच्या फरकानंही वेग बराच बदलतो. मला तर कोणी तार कुठं लावली हे सांगितलं नसेल तर पुढचं वाचावंसं वाटत नाही.

हे सगळं ऐकून काकाजींची नजर गोबरगॅसच्या टाकीकडं गेली. त्या गॅसात मिथेनसोबत ३०-४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतोच, तोही मिथेन करून घेता आला तर? कल्पना चांगली आहे. पण त्यात सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही असतो, आणि गंधक निकेलला विषासारखं चढतं. आधी लोखंडाच्या किसातून गॅस गाळावा लागेल.

‘कीस तं लेथवाल्याकडं फुकट भेटते,’ काकाजी म्हणाले. ‘थो चार हायड्रोजन कुठून आनतं, थे सांग.’