नेटवर्क बघायचं सॉफ्टवेअर घेताय? आधी स्विच उलटा करून स्टिकर बघा

नमस्कार मंडळी, दुकानात येणारे बरेच जण पहिलं विचारतात, नेटवर्क बघायला सॉफ्टवेअर कुठलं चांगलं? आम्ही उलट विचारतो, तुमचे स्विच (ज्या डब्यात ऑफिसच्या नेटवर्कच्या केबली येतात ते) मॅनेज्ड, म्हणजे नेटवर्कवरून बघता-बदलता येणारे, आहेत का (स्टिकरवरच्या मॉडेलवरून कळतं)? कारण साध्या अनमॅनेज्ड डब्याला स्वतःचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नसतोच, मग सॉफ्टवेअर बोलणार कोणाशी, कितीही महागडं घ्या, ते पलीकडच्या पीसीला पिंग करत (चालू आहेस का, एवढंच विचारत) बसणार.

एका पतसंस्थेत झाडताना सुटी केबल दिसली, मावशींनी भल्या मनाने तिचं टोक रिकाम्या पोर्टात खोचलं, दुसरं टोक आधीच त्याच स्विचला! झाला लूप, म्हणजे डेटा तिथल्या तिथे गोल गोल फिरत राहिला, सगळे दिवे एकदम फडफडायला लागले, काउंटरवर लाईन, आणि आमचा पोरगा एकेक केबल उपटत बसलाय. मॅनेज्ड स्विचवर एसटीपी (लूप ओळखून थांबवणारी सोय) चालू असतं तर त्यानेच पोर्ट ब्लॉक केला असता, आणि कुठला पोर्ट ते स्क्रीनवर दिसलं असतं.

आता टूलचं. लिब्रेएनएमएस आणि झॅबिक्स फुकट आहेत, पण लिनक्सचं मशीन आणि ते सांभाळणारं माणूस लागतं, आणि ते दोन्ही काही फुकट नाहीत. पीआरटीजी विंडोजवर चालतं, सोपं आहे, पण लायसन्स सेन्सरवर (मोजायची एक गोष्ट म्हणजे एक सेन्सर), म्हणजे 24 पोर्टांचा ट्रॅफिक बघायचा तर 24 सेन्सर गेलेच. युनिफाय किंवा ओमाडा या ब्रँडचा कंट्रोलर (डबे सांभाळायचं त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर) दिसायला झकास, फक्त आपल्याच घरचे डबे सांभाळतो, त्यामुळे ऑफिसात तीन कंपन्यांचे स्विच असतील तर तो विषय सोडा.

एसएनएमपी (टूल स्विचकडून माहिती मागतं ती भाषा) कुठल्या व्हर्जनचं आहे ते नक्की बघा. व्ही1 मध्ये 32 बिटचेच काउंटर (किती डेटा गेला ते मोजणारे), गिगाबिट लाईन फुल चालली तर साधारण 34 सेकंदात काउंटर पलटी मारून परत शून्यावर, आणि टूल दर 5 मिनिटांनी वाचतंय, म्हणजे ग्राफ चक्क खोटा. व्ही2सी मध्ये 64 बिट मिळतात पण पासवर्ड उघडा जातो, आणि बऱ्याच ठिकाणी तो अजून 'पब्लिक'च ठेवलेला असतो (हसू नका, तुमचा बघा). जमलं तर व्ही3 घ्या, तेही एन्क्रिप्शन चालू करून.

डेमोला बसलात की रंगीत ग्राफ राहू द्या, एखाद्या पीसीचा मॅक ॲड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) द्या आणि विचारा, हा कुठल्या स्विचच्या कितव्या पोर्टवर आहे? अर्ध्या मिनिटात दाखवलं तर टूल कामाचं.

स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, मॉडेल बघून काय चालेल ते सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.