नाटक उभं राहण्याआधीचं चित्र

नाटकाचं पोस्टर छापायला जातं तेव्हा बहुतेक वेळा नाटक उभंच राहिलेलं नसतं. तालमी सुरू व्हायच्या असतात, नेपथ्य आराखड्यात असतं, कपडे ठरलेले नसतात. चित्रकाराच्या हाती असते फक्त संहिता आणि दिग्दर्शकाशी झालेलं बोलणं. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर थिएटरसाठी १९८६ पासून तीन दशकांहून अधिक काळ पोस्टरं रंगवणारे जेम्स मॅकमुलन याच अडचणीतून वाट काढत आले. त्यांच्या कामामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. चित्राला होकार द्यायचा कुणी?

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. त्याआधीच्या नाटकाच्या जाहिराती म्हणजे नावांची लांबलचक यादीच असायची. चित्रकार जूल शेरे यांनी १८६० च्या दशकात रंगीत शिळाछाप रस्त्यावर आणला आणि चित्र पुढे आलं. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने रेखाटायचं, दगड ओला ठेवायचा, मग शाई फक्त खडूच्या रेषा धरतात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. १८८१ च्या कायद्याने पोस्टरं लावण्यावरची बंधनं सैल झाली आणि पॅरिसच्या भिंती भरून गेल्या.

१८९४ च्या नाताळात पॅरिसच्या लेमेरसिए छापखान्यात त्या काळच्या प्रख्यात नटी सारा बर्नहार्ट यांचा निरोप आला. ‘जिस्मोंदा’ या त्यांच्या नाटकाचं नवं पोस्टर १ जानेवारीला रस्त्यावर दिसलं पाहिजे. नेहमीचे चित्रकार सुटीवर गेले होते. मित्राच्या वतीने छपाईची प्रुफं तपासायला आलेले चेक चित्रकार अल्फोन्स मुखा तेवढे हाताशी सापडले, अशी ही हकीकत सांगितली जाते. त्यांनी दोन मीटरहून उंच, अरुंद पोस्टर केलं. त्यात जवळपास खऱ्या उंचीची सारा होती, केसांत ऑर्किड, हातात ताडाची फांदी, अंगावर बायझंटाइन थाटाचा भरजरी पोशाख. भडक रंगांची सवय झालेल्या शहराला हे मवाळ रंग नवे होते. छापखान्याचा व्यवस्थापक साशंक होता, बाईंना मात्र ते बेहद्द आवडलं. त्यांनी मुखांशी सहा वर्षांचा करार केला. पोस्टरांबरोबर नेपथ्य, वेशभूषा आणि दागिन्यांचे आराखडेही त्यात आले.

हे पोस्टर इतक्या थोड्या दिवसांत झालं याचं एक कारण सहसा सांगितलं जात नाही. ‘जिस्मोंदा’ ऑक्टोबरच्या अखेरीपासूनच रंगमंचावर होतं. पोशाख ठरलेला होता, नायिका ठरलेली होती आणि होकार देणारी व्यक्तीही एकच होती. चित्रकाराच्या वाट्याला इतकी अनुकूल परिस्थिती क्वचित येते. (याच १८९४ साली राजा रविवर्मांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला. पॅरिसच्या भिंतींवर नटी दिसू लागली त्याच तंत्राने आपल्या घरोघरच्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती आल्या.)

दुसऱ्या महायुद्धानंतर, कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, होकार कुणी द्यायचा या प्रश्नाला अगदी वेगळं उत्तर मिळालं. नाट्यगृहं सरकारी होती, तिकीटविक्रीची चिंता कमी होती, त्यामुळे पोस्टरवर नटाचा चेहरा हवाच असा आग्रह धरणारा निर्माताच उरला नाही. सेन्सॉर होता, पण रूपकाच्या आडून बरंच बोलता येत असे. चित्रकार हेन्रिक तोमाशेव्स्की यांनी १९४८ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात चित्रपटांच्या पोस्टरांसाठी पाच पहिली बक्षिसं मिळवली. पुढे १९५२ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी वॉर्साच्या कला अकादमीत शिकवलं. नाटकातला प्रसंग दाखवायचा नाही, नाटक वाचून मनात उरतं ते एका खुणेत आणायचं, ही पोलंडच्या या पोस्टर-चित्रकारांची रीत. त्यांतल्याच यान लेनित्सांचं १९६४ चं ‘वोत्सेक’ या ऑपेराचं, म्हणजे खून करणाऱ्या एका सैनिकाच्या संगीत नाटकाचं, पोस्टर पाहावं. त्यात ना सैनिक आहे, ना खून. लाल रंगाच्या लाटांमागून लाटा आणि मधोमध किंचाळणारं तोंड, एवढंच. १९६६ साली वॉर्सात पोस्टरांचं पहिलं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन भरलं आणि त्यात या पोस्टराला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. माझ्या मते नाटकाच्या पोस्टरने गाठलेली ही सर्वांत मोठी उंची आहे.

न्यूयॉर्कमध्ये तिकीट खिडकी विसरून चालण्यासारखं नव्हतं. तरीही सत्तरच्या दशकात निर्माते जोसेफ पॅप यांच्या न्यूयॉर्क शेक्सपिअर फेस्टिव्हलसाठी चित्रकार पॉल डेव्हिस यांनी रंगवलेले थेट रोखून पाहणारे चेहरे शहरभर लागले. समीक्षकांची स्तुतिवाक्यं त्यांवर नव्हती. पॅप यांचे तेव्हाचे सहकारी बर्नार्ड गर्स्टेन पुढे लिंकन सेंटर थिएटरचे कार्यकारी निर्माते झाले आणि चित्रकारावर विश्वास टाकायची ती सवय त्यांच्यासोबत तिथे गेली. मॅकमुलनना काम मिळालं ते त्यांच्या कारकिर्दीत.

मॅकमुलन यांचा जन्म १९३४ चा, चीनमधल्या छिंगदाओचा. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांच्या शाळेचा काही काळ दार्जिलिंगमध्ये गेला. काम करताना ते आधी संहिता वाचतात, मग जलरंगात छोटी कच्ची चित्रं करतात. मॉडेलला उभं करून स्वतः फोटो घेतात आणि त्यांवरून पुन्हा रेखाटतात. कच्ची चित्रं नाट्यगृहाच्या मंडळींपुढे जातात, परत येतात, बदलतात. इथे होकार देणारे अनेक असतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यात न झालेल्या प्रयोगाचं आपापलं चित्र असतं. मॅकमुलन यांचा भर चेहऱ्यापेक्षा देहावर असतो. झुकलेला खांदा, वळलेली मान, पायावर तोललेलं वजन. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. तालीम झालेली नसताना नटाचा भाव ओळखणं अवघड, पण पात्र कोणत्या ओझ्याखाली वाकलं आहे ते संहितेतूनच कळतं.

नाटकाचं नावही ते बहुधा स्वतःच्या हाताने रंगवतात, म्हणजे अक्षरं आणि माणूस एकाच कुंचल्याचे होतात. मराठी वाचकाला इथे नाटकांची शीर्षकं रेखाटणारे कमल शेडगे आठवतील. आपल्या व्यावसायिक नाटकाची मुख्य जाहिरात असायची वर्तमानपत्रात, कॉलम-सेंटिमीटरच्या हिशोबाने, म्हणजे जितकी जागा तितके पैसे. तिथे चित्राला जागाच नव्हती. मग शेडग्यांनी शीर्षकाच्या वळणांत, शिरोरेघेत आणि वेलांटीतच नाटकाचा स्वभाव आणला, आणि पहिला प्रयोग लागण्याआधी प्रेक्षक तो वाचू लागले.